टोकियोची ‘मध्य रेल्वे’ आणि बायकांचा डबा

‘चुओ’ या जपानी शब्दाचा अर्थ ‘मध्य’. तेव्हा टोकियोच्या पोटातून निघून पश्चिमेच्या डोंगरापर्यंत जाणारी जी चुओ लाईन आहे, ती तिथली मध्य रेल्वेच म्हणायची! डोंबिवली-कल्याणकडच्या मैत्रिणींना आता पुढचं काही सांगायलाच नको. सकाळची गर्दी, दारातली रेटारेटी, खांद्यावरची पर्स पोटाशी धरून उभं राहणं, सगळं डोळ्यांसमोर आलं असेल. योगायोग असा, की टोकियो स्टेशनपासून या लाईनच्या जलद गाड्यांचं टोक जे ताकाओ, ते ५३ किलोमीटरवर आहे. मुंबईत सीएसएमटी ते कल्याण साधारण तेवढंच अंतर.

जपान म्हटलं की आपल्याला बुलेट ट्रेन आठवते, किमोनो आठवतो, चेरीची फुलं आठवतात. पण टोकियोचा खरा संसार चालतो तो या साध्या नारिंगी पट्ट्याच्या गाडीवर. त्या गाडीत बायकांची जागा कोणती, हा प्रश्न तिथे शंभराहून अधिक वर्षं वर येतो आहे. बायकांचा डबा आला, गेला, पुन्हा आला, पुन्हा गेला आणि तिसऱ्यांदा आला. आज तुम्हाला या लाईनवरून फिरवून आणायचं आहे ते ही गोष्ट सांगत सांगतच.

आधी गर्दीचा अंदाज घ्या. सकाळी ऐन वेळेला शिंजुकु स्टेशनात या लाईनची जलद गाडी साधारण दोन-दोन मिनिटांनी येते. शिंजुकु हे प्रवाशांच्या संख्येने जगातलं सर्वांत मोठं स्टेशन. सगळ्या कंपन्यांच्या गाड्या धरून २०१८ साली तिथे रोज ३५ लाखांवर माणसं चढत-उतरत होती. एका गाडीत माणसं भरेपर्यंत दुसरी मागे खोळंबू नये, म्हणून एका फलाटाच्या दोन्ही बाजू आळीपाळीने वापरतात. इकडची गाडी माणसं घेत असते, तेवढ्यात तिकडे दुसरी येऊन उभी राहते.

जपानी लोक गर्दीही मोजतात बरं का, आणि तीही मोठ्या गमतीने. १०० टक्के म्हणजे प्रत्येकाला बसायला जागा, नाहीतर धरायला कडी किंवा दांडा. १५० टक्के म्हणजे वर्तमानपत्र उघडून वाचता येतं. १८० टक्के म्हणजे ते घडी घालून कसंबसं वाचायचं. २०० टक्के म्हणजे अंगाला अंग लागतं, जेमतेम मासिक वाचता येईल. आणि २५० टक्के झाले, की गाडीच्या प्रत्येक हिसक्याबरोबर अंग कलतं आणि हात जिथे असेल तिथेच अडकून पडतो. नाकानो ते शिंजुकु या टप्प्यावर २०१९ साली ऐन सकाळचा आकडा १८४ होता. करोनाच्या काळात तो बराच उतरला, नंतर पुन्हा चढू लागला. आणि शेवटच्या पायरीवरचा तो अडकलेला हात नीट लक्षात ठेवा. बायकांच्या डब्याची सगळी हकिकत त्या हातापाशी येते.

पट्टीने ओढलेली रेघ

नकाशावर ही लाईन पाहिलीत तर नवल वाटेल. शिंजुकुच्या पुढे हिगाशी-नाकानोपासून ताचिकावापर्यंत सुमारे २५ किलोमीटर ती अगदी सरळ जाते, जणू पट्टी ठेवून रेघ मारली आहे. तिथे अशी कथाच सांगतात, की जुन्या हमरस्त्यांवरच्या गावांनी आगगाडीला विरोध केला, तेव्हा वैतागलेल्या इंजिनिअराने नकाशा पुढे ओढला आणि पट्टीने रेघ मारून टाकली! इतिहासकार ही कथा सगळीच्या सगळी मानत नाहीत. पण रेघ सरळ आहे खरी, आणि ती शेतं नि झाडी यांमधून गेली हेही खरं.

ही लाईन सुरू केली कोबू रेल्वे नावाच्या एका खाजगी कंपनीने. ११ एप्रिल १८८९ ला शिंजुकु ते ताचिकावा गाडी धावली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ती हाचिओजीपर्यंत गेली. मुहूर्त एप्रिलचा का? तर वाटेत कोगानेई इथे पाटाच्या काठाने चेरीची प्रसिद्ध झाडं होती. ती फुलतात त्याच सुमाराला गाडी सुरू केली, म्हणजे पहिले उतारू आपोआप मिळाले. आणि हाचिओजी कशासाठी? तर रेशमासाठी. हाचिओजी हे रेशमाच्या मागांचं गाव. ‘तुतीची राजधानी’ असंच त्याला म्हणत. आजूबाजूच्या शेतकऱ्यांच्या घरी बायका रेशमाचे किडे पोसत, त्यांना तुतीचा पाला घालत. तेव्हा या गाडीच्या नशिबात बायकांच्या हातचं काम पहिल्यापासूनच होतं म्हणा ना!

१९०४ साली या लाईनच्या शहराकडच्या टप्प्यावर विजेची गाडी सुरू झाली आणि १९०६ मध्ये सरकारने लाईन आपल्या ताब्यात घेतली. विजेची गाडी आली, स्टेशनं जवळजवळ झाली आणि रोज जा-ये करणारी माणसं वाढली. त्यांत नोकरदार पुरुष होते, कॉलेजचे तरुण होते आणि एक नवीनच प्रवासी होती: शाळेत जाणारी मुलगी.

फुलगाडी

१९०७ साली तायामा काताई या प्रसिद्ध लेखकाने एक कथा लिहिली. तिचा नायक याच लाईनने रोज कामाला जाणारा, बायको-मुलं असलेला मध्यमवयीन गृहस्थ. याचा छंद एकच. गाडीतल्या शाळकरी मुलींकडे टक लावून बघत बसायचं. शेवटी तसाच एकीकडे बघता बघता गर्दीच्या रेट्याने तो गाडीबाहेर फेकला जातो आणि मरतो. कथा म्हणून सोडून द्या, पण डब्यातल्या मुलींना काय सोसावं लागत असेल याचा अंदाज तिच्यावरून येतो. हे १९०७ साल आहे, हे विसरू नका.

पुढे मुलींच्या हातात चिठ्ठ्या कोंबणं, मुद्दाम अंगाशी येणं अशा तक्रारी इतक्या झाल्या, की ३१ जानेवारी १९१२ पासून नाकानो आणि शोहेइबाशी यांच्या दरम्यान शाळेच्या वेळेला खास मुलींची गाडी सुरू झाली. लोकांनी तिला नाव दिलं ‘हाना देन्शा’, म्हणजे फुलगाडी. नाव गोड आहे, पण जरा विचार केला की खटकतं. अभ्यासाला निघालेल्या मुलींना फुलं म्हटलं, की त्या पुन्हा बघण्याचीच वस्तू झाल्या, नाही का? ती गाडी फार दिवस चालली नाही. मुंबईत चर्चगेट-बोरिवली लेडीज स्पेशल सुरू झाली ती ५ मे १९९२ ला. म्हणजे टोकियोतली ही खटपट तिच्या ऐंशी वर्षं आधीची.

त्या काळच्या जपानी मुलींच्या शिक्षणाचा आपल्याशी एक जवळचा धागा आहे. टोकियोत १९०१ साली मुलींसाठी जपानी महिला विद्यापीठ निघालं. त्याची माहिती देणारी एक पुस्तिका महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या हाती पडली. ती वाचून त्यांच्या मनाने घेतलं आणि १९१६ साली पुण्याजवळ हिंगण्याला आपलं महिला विद्यापीठ उभं राहिलं. आपल्यापैकी कितीजणींच्या आया-आज्या तिथे शिकल्या असतील! टोकियोतल्या मुली गर्दीत अंग चोरून शाळेला जात होत्या त्याच वर्षांतली ही हकिकत.

घरं पश्चिमेला गेली

१९२२ साली कोएन्जी, असागाया आणि निशी-ओगिकुबो ही तीन स्टेशनं एकाच दिवशी उघडली. दुसऱ्याच वर्षी, १ सप्टेंबर १९२३ ला, टोकियोला मोठा भूकंप झाला. जुनं दाटीवाटीचं शहर कोसळलं, जळालं. बेघर झालेली माणसं पश्चिमेला सरकली, ती थेट या लाईनच्या कडेला. जिथे शेतं होती तिथे लाकडी घरांच्या ओळी उभ्या राहिल्या. मुलींची कॉलेजंही मागोमाग आली. टोकियोचं ख्रिस्ती महिला विद्यापीठ १९२४ मध्ये निशी-ओगिकुबोच्या बाजूला आलं. त्सुदा उमेको या विदुषीने १९०० साली मुलींसाठी काढलेली संस्था १९३१ मध्ये कोकुबुंजीच्या पलीकडे कोदाइरा इथे गेली. ही उमेको अवघ्या सहाव्या वर्षी शिकायला अमेरिकेला गेली होती. २०२४ पासून जपानच्या पाच हजार येनच्या नोटेवर तिचं चित्र आहे.

१९३३ साली मधली छोटी स्टेशनं सोडून धावणाऱ्या जलद गाड्या सुरू झाल्या. मग काय, घर जितकं लांब तितकं भाडं कमी, आणि गाडीच्या पासाचे पैसे बहुधा कंपनीच देते! मोठ्या युद्धानंतर तर शहर या रुळांच्या आधाराने पश्चिमेला पसरतच गेलं. पुरुष पहाटे जायचे, रात्री उशिरा यायचे. मधला सगळा दिवस त्या उपनगरांत राज्य असायचं ते बायकांचं. दुकानदार, शाळा, दवाखाना, शेजारपाजार, सगळं त्यांनीच सांभाळायचं.

त्या बायकांनी काय केलं ऐका. मार्च १९५४ मध्ये अमेरिकेने प्रशांत महासागरात बिकिनी बेटांवर हायड्रोजन बाँबची चाचणी केली. जवळपास असलेल्या एका जपानी मासेमारी बोटीवर किरणोत्सारी राख पडली. बाजारात आलेला मासाही दूषित निघाला. मासे विकणाऱ्यांचं दुकान बसलं आणि घरोघरी प्रश्न पडला, की मुलांच्या ताटात वाढायचं काय? कोएन्जीपासून निशी-ओगिकुबोपर्यंतची स्टेशनं ज्या सुगिनामी भागात येतात, तिथल्या गृहिणी आणि मासेविक्रेते एकत्र आले. बायका घरोघर हिंडल्या, अणुबाँबविरुद्ध सह्या गोळा केल्या. एकट्या सुगिनामीतून अडीच लाखांहून अधिक सह्या झाल्या. हे लोण देशभर पसरलं आणि दुसऱ्या वर्षापर्यंत आकडा ३ कोटींच्या वर गेला. ऑगस्ट १९५५ मध्ये हिरोशिमाला अणुबाँबविरोधी पहिली जागतिक परिषद भरली, तिच्या मागे हे बळ होतं. स्वयंपाकघरातल्या एका साध्या प्रश्नातून हे सगळं निघालं!

याच लाईनवर पुढे कुनिताची नावाचं टुमदार गाव आहे. कोकुबुंजी आणि ताचिकावा यांच्या मधलं, म्हणून एकाचं पहिलं अक्षर आणि दुसऱ्याचं पहिलं अक्षर जोडून नाव तयार केलं, ‘कुनिताची’. आपण नाही का आजी आणि आजोबा दोघांच्या नावांतली अक्षरं घेऊन नातीचं नाव ठेवत, तसंच! गाव विद्यापीठाचं. पण शेजारी ताचिकावाला अमेरिकन लष्कराचा तळ होता. कोरियाच्या युद्धाच्या वेळी सैनिकांसाठी नको त्या धंद्यांची घरं कुनिताचीतही उघडू लागली. तेव्हा तिथले शिक्षक, विद्यार्थी आणि गृहिणी उठल्या. खूप वादावादी झाली, पण १९५२ च्या जानेवारीत गावाला ‘शिक्षणाचा भाग’ असा सरकारी दर्जा मिळाला आणि ते धंदे हटले. तिथल्या स्टेशनची लाल तिकोनी छपराची इमारत १९२६ सालची. रुळांच्या कामासाठी २००६ मध्ये ती उतरवून ठेवली होती, २०२० मध्ये पुन्हा उभी केली. गेलात तर स्टेशनाबाहेर येऊन जरूर बघा.

डबा आला, गेला, परत आला

आता पुन्हा गाडीत चढूया. युद्ध संपलं तेव्हा टोकियो बेचिराख झालेलं होतं. डबे थोडे, त्यांच्याही काचा फुटलेल्या, आणि अन्नधान्य शोधायला खेड्यांकडे जाणारी माणसं अपार. पाठीवर मूल बांधलेल्या बाईला गाडीत शिरणंच अशक्य झालं. अखेर ५ मे १९४७ पासून चुओ लाईनवर गर्दीच्या वेळी बायका-मुलांसाठी वेगळा डबा राखला गेला. फुलगाडीनंतर ही दुसरी वेळ.

पुढे देश सावरला, कारखाने धडाडले, आणि गर्दी कमी होण्याऐवजी वाढतच गेली. १९५५ च्या सुमाराला शिंजुकुला माणसांना डब्यात कोंबण्यासाठी फलाटावर मदतनीस ठेवले. ‘ढकलणारे’ म्हणून जगभर ज्यांची छायाचित्रं गाजली तेच हे. त्यांत सुट्या वेळात कमाई करणारे कॉलेजातले तरुणही असत. १९५७ च्या अखेरीला नव्या पद्धतीच्या, झटकन वेग घेणाऱ्या नारिंगी गाड्या आल्या. १९६९ पर्यंत मिताकापर्यंत चार रूळ झाले. तरी १९७५ च्या सुमाराला गर्दीचा आकडा २५० च्या वरच होता. मघाचा तो अडकलेला हात आठवतो ना?

आणि नेमक्या त्याच काळात, सप्टेंबर १९७३ मध्ये, बायकांचा डबा बंद झाला! त्या जागी काय आलं? तर वृद्धांच्या मानाच्या दिवशी, म्हणजे १५ सप्टेंबरला, गाडीत म्हाताऱ्या आणि अपंग माणसांसाठी राखीव जागा सुरू झाल्या. त्यांना नाव दिलं ‘सिल्व्हर सीट’. या नावाची गंमत आहे. घाईघाईत वेगळ्या रंगाचं कापड हवं होतं, तर बुलेट ट्रेनच्या बाकांचं रुपेरी-करडं कापड उरलेलं सापडलं. तेच लावलं आणि तेच नाव पडलं. उरलेल्या कापडातून उशीचा अभ्रा शिवणारी कोणतीही गृहिणी हे ऐकून हसेल. पण जपानमध्ये ‘सिल्व्हर’ म्हणजे वयस्क माणसं हा अर्थ रुळला तो तेव्हापासून.

वडीलधाऱ्यांना जागा मिळाली हे उत्तमच झालं. पण एकाला देताना दुसरीचं काढून घ्यायलाच हवं होतं का? पुढची बत्तीस वर्षं या लाईनवर बायकांचा डबा नव्हता. या बत्तीस वर्षांत बायका घरात बसल्या होत्या असंही नाही. उलट त्या जास्त जास्त संख्येने नोकरीला निघाल्या. गर्दीत अंगाला हात लावणाऱ्या पुरुषाला जपानीत ‘चिकान’ असा खास शब्द आहे. ज्या गोष्टीला भाषेत स्वतंत्र शब्द तयार होतो, ती किती नेहमीची असेल! बायका सोसत होत्या, पर्स मध्ये धरत होत्या, जागा बदलत होत्या, आणि बहुतेक वेळा गप्प बसत होत्या.

मग समांतर धावणाऱ्या केइओ लाईनने डिसेंबर २००० मध्ये, वर्षअखेरच्या मेजवान्या आटोपून पुरुष झिंगून परततात त्या दिवसांत, रात्रीच्या गाड्यांना बायकांचा डबा जोडून पाहिला. तो बायकांना फार आवडला. एकेक करत इतर लाईनींनी तो उचलला आणि ५ सप्टेंबर २००५ पासून चुओ लाईनवर तो तिसऱ्यांदा आला. शनिवार-रविवार आणि सुट्ट्या सोडून सकाळी शहराकडे जाणाऱ्या जलद गाडीचा सगळ्यात पुढचा डबा बायकांचा. प्राथमिक शाळेपर्यंतची मुलं आणि अपंग प्रवासी त्यांच्या सोबत्यासह त्यात बसू शकतात. विशेष म्हणजे तिथे हा कायदा नाही, विनंती आहे. पुरुषांनी सहकार्य करावं, एवढंच फलाटावर लिहिलेलं असतं, आणि बहुतेक पुरुष ते पाळतात.

काही पुरुष कुरकुर करतात, की आम्ही सगळेच का वाईट? काही बायकाही म्हणतात, की वेगळा डबा म्हणजे दुखण्याला फडकं बांधणं झालं, दुखणं बरं कुठे झालं? दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. पण तापलेल्या कपाळावर ओली पट्टी ठेवतोच ना आपण, डॉक्टर येईपर्यंत? सकाळची अर्धी घटका जी बाई निर्धास्त उभी राहते, ती कामावर पोचते तेव्हा थकलेली नसते. तिला विचारा त्या पट्टीची किंमत!

फाटक आणि पाळणाघर

गाडीत न बसणाऱ्या बायकांनाही या लाईनने छळलं आहे. मिताका ते ताचिकावा रूळ जमिनीवर होते आणि गाड्या इतक्या दाट, की गर्दीच्या तासात फाटक साठातली पन्नासहून अधिक मिनिटं बंद! ‘न उघडणारं फाटक’ असंच लोक म्हणायचे. सायकलला पुढे एक, मागे एक मूल बसवून बालवाडीला निघालेल्या आईने काय करायचं? अखेर १९९९ मध्ये काम काढलं, सुमारे १३ किलोमीटर रूळ खांबांवर चढवले आणि २०१० मध्ये ते पुरं झालं. १८ फाटकं कायमची गेली. खाली मोकळ्या झालेल्या जागेत दुकानं आली.

आणि एक गोष्ट आपण घेण्यासारखी. १९९६ मध्ये रेल्वे कंपनीने कोकुबुंजी स्टेशनाजवळ पाळणाघराची सोय केली. कामाला जाताना मूल सोडायचं, येताना घ्यायचं, वाट वाकडी नको. नंतर अशी पाळणाघरं कितीतरी स्टेशनांजवळ झाली. जपानमध्ये १९९७ पासून नवरा-बायको दोघं कमावणारी घरं, बायको घरी असलेल्या घरांपेक्षा संख्येने पुढे गेली आहेत. बदल घरात झाला आणि रेल्वेला तो पाहावा लागला.

मार्च २०२५ पासून या गाडीला दोन दुमजली डबे जोडले आहेत. जादा पैसे भरले की ऐटीत बसून जायचं. गाडी आता बारा डब्यांची झाली. पैसे देणाऱ्याला जागा लगेच मिळते, मागणाऱ्याला वाट पाहावी लागते, हे जगात सगळीकडे सारखंच!

तुम्ही गेलात तर

हल्ली मुलं-सुना परदेशी असतात, तुमच्यापैकी कोणी टोकियोला जाईलही. तर या लाईनने जरूर फिरा. शक्य तर सकाळचे साडेसात ते साडेनऊ टाळा. ते जमलंच नाही तर बायकांचा डबा कुठे थांबतो याची खूण फलाटावर रंगवलेली असते, तिथे उभ्या राहा. पाठीवरची पिशवी पोटाशी घ्या. गाडीत फोनवर बोलू नका, तिथे ते असभ्य समजतात.

ओचानोमिझूला पुलावर थांबून खाली नदी आणि वरखाली जाणाऱ्या गाड्या बघा. नावाचा अर्थ ‘चहाचं पाणी’. तिथल्या झऱ्याचं पाणी पूर्वी राज्यकर्त्या शोगुनच्या चहाला जात असे. शिंजुकुला ‘नाकामुराया’ हे जुनं दुकान आहे. सोमा आइझो आणि कोक्को या नवरा-बायकोने ते पावाच्या दुकानापासून वाढवलं. इंग्रजांच्या तावडीतून निसटलेले आपले क्रांतिकारक रासबिहारी बोस यांना या दांपत्याने १९१५ मध्ये दुकानामागे लपवून ठेवलं. पुढे त्यांची मुलगी तोशिको हिने बोस यांच्याशी लग्न केलं. ती बिचारी १९२५ मध्येच गेली. १९२७ साली या दुकानात बोस यांच्या सांगण्याप्रमाणे भारतीय पद्धतीची करी मिळू लागली, ती आजही मिळते.

किचिजोजीला इनोकाशिरा तलावाची बाग आणि स्टेशनासमोरची बोळाबोळांची जुनी बाजारपेठ पाहा. ऑगस्टात गेलात तर असागायाचा तानाबाता उत्सव किंवा कोएन्जीचा नाच चुकवू नका. दोन्ही तिथल्या दुकानदारांनी १९५० च्या दशकात सुरू केले. शेवटी ताकाओ. डोंगर ५९९ मीटर उंच, अर्ध्या वाटेपर्यंत केबल कार, वर देऊळ, आणि पायथ्याशी किसलेला कंद घातलेल्या गरम शेवया. शाकाहारी मैत्रिणींनी मात्र विचारून खावं. तिथल्या साध्या दिसणाऱ्या रश्शातही माशाचा अर्क असतो. त्यापेक्षा खारवलेला प्लम घातलेला भाताचा मुटका जवळ ठेवावा, पोट भरतं.

संध्याकाळी परत येताना गाडी रिकामी असेल, कारण गर्दी तेव्हा उलट्या दिशेला असते. निवांत बसा. समोरच्या फलाटावर दप्तर घेतलेल्या मुली दिसतील, पाठीला मूल बांधलेली आई दिसेल, कामावरून परतणारी तुमच्या-माझ्या वयाची बाई दिसेल. त्यांना मिळालेला डबा एकदा मुलींवर दया म्हणून आला आणि विरला, दुसऱ्यांदा अडचणीची सोय म्हणून आला आणि काढून घेतला गेला. तिसऱ्यांदा मिळाला आहे तो त्या रोज कामाला निघतात आणि तिकिटाचे पैसे मोजतात म्हणून. यावेळी तो टिकेल असं वाटतं. तरीही आपल्याकडे काय आणि तिकडे काय, अशा जागेवर लक्ष ठेवलेलं बरं.